सातवा रकाना

सर म्हणाले, "सगळ्यांना जमेल अशी वेळ काढ,"
जसं काही वेळ फणसासारखी झाडाला लगडलेली
आणि मला फक्त कोयता हवा.

ताळगावच्या पठारावर, विभागाच्या जिन्याखाली बसून
मी तक्ता आखला. सात जण, सात रकाने,
सोमवार ते शनिवार सहा ओळी.
"मोकळ्या तासाला खूण करा," असं वर लाल पेनानं लिहिलं.
खाली कुणीतरी बांगड्याचं चित्र काढलं.

बारेटो सरांच्या खुणा तीन, त्यातल्या दोन खोडलेल्या.
म्हांबरे मॅडमची एकच, शेजारी बारीक अक्षरात:
परीक्षा मंडळाची सभा नसेल तर.
सुलक्षा वेळीप काणकोणची. साडेचारची बस चुकली
की पुढच्या बसनं पोचेपर्यंत तिच्या वाड्यावर काळोख.
ग्लेनिशानं खुणा केल्याच नाहीत,
दिवाडीच्या फेरीबोटीचं वेळापत्रकच डकवलं.
इर्शाद रात्री कॅसिनोच्या बोटीवर टोकनं मोजतो,
त्यानं लिहिलं: सकाळी अकराच्या आधी मी माणसात नसतो.
माझ्या रकान्याचं काय सांगू,
वेळ ठरवणाऱ्याला नेहमीच जमतं.

सातवा दत्तेश परवार. कोरा.
मी म्हटलं, चला, एकाची तरी कटकट नाही,
याला कधीही चालतं.
वर्गातही तो असाच, खिडकीपाशी,
कधीही चालणारा.

आणि समासात लिहिली ओहोटी.
कारण आमचा सगळा अभ्यास तिच्यावर:
खाजनाच्या बांधातलं लाकडी दार,
भरती आली की आपसूक मिटतं,
पाणी उतरलं की उघडतं.
त्याला इथं मानस म्हणतात.
(पुण्याच्या मावशीला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली,
कुणाचं मानस?)
ओहोटीला विचारावं लागत नाही.
रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते, पण कळवून येते.
सर म्हणाले, या गटात शिस्त काय ती तिलाच.

बारा दिवसांनी सापडले
गुरुवारी, एक दहा ते एक पस्तीस.
जेवणाच्या सुट्टीच्या पोटातून काढलेली पंचवीस मिनिटं.
खोलीची किल्ली उल्हासबाबकडे, आणि उल्हासबाब जेवायला.
मग जिन्यातच बसलो, डबे उघडले,
सुंगटांच्या किसमुरीचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला.
पहिला विषय: पुढची बैठक कधी.

"आणि दत्तेश?" मॅडमनी विचारलं.
"त्याला कधीही चालतं," मी म्हणालो.

सुलक्षानं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली,
"तो वेर्ण्याला लागलाय, गोळ्यांच्या कारखान्यात.
चवथीनंतर आलाच नाही. तुला ठाऊक नाही?"

मी त्याला तीनदा मेसेज केला होता, खुणा कर रे.
तिन्ही वेळा त्यानं अंगठा पाठवला होता.

जिन्यात कुणी काही बोललं नाही.
एक पस्तीस झाले. मॅडम उठल्या, परत बसल्या.

रात्री साडेअकराला त्याची पाळी सुटल्यावर फोन लागला.
मागं बस भरत असल्याचा आवाज.
"पाळी दर आठवड्याला फिरते," म्हणाला, "काय भरणार रकान्यात?"
मला वाटलं आता ठेवेल.
पण त्यानं विचारलं,
"आयतारा ओहोटी कितें वरांचेर?"

आयतार. रविवार.
माझ्या तक्त्यात ती ओळच नव्हती.

पट्टी घेतली, शनिवारच्या खाली एक रेघ ओढली.
सहा चाळीस, सकाळी.
ग्लेनिशा म्हणते, पहिलं मिस चुकेल, आईला मी सांगते.
इर्शाद म्हणतो, झोपतच नाही, थेट बोटीवरून येतो.
सुलक्षा आदल्या रात्री ग्लेनिशाकडे राहील.
सातव्या रकान्यात, पेन्सिलनं का होईना, एक खूण आहे.

सरांचं उत्तर अजून यायचंय.