खड्डा

चिंचोके रात्रीच भिजत घातलेत.
सकाळी कुटायचे, शिजवायचे,
मग खळीचा तो वास पडवीभर, कपड्यांत, पोरीच्या दप्तरात.
नणंद म्हणायची, ह्या वासापायी
माझं जमलेलं लग्न मोडायचं राहिलं.

मामंजी गेले तेव्हा मागावर
दोन हात विणलेलं घोंगडं तसंच होतं.
बाराव्याला आलेलं कुणी म्हणालं, कापून मोकळं करा.
मी कात्री शोधायला आत गेले
आणि शोधलीच नाही.

बाईनं मागाच्या खड्ड्यात उतरू नये
असं मला कुणी सांगितलं नव्हतं,
सांगायची वेळच आली नव्हती.
सूत कातायचं, खळ लावायची, कुंचा फिरवायचा,
इथवर आमचं.
दुपारी दार लोटलं, लुगडं खोचलं, उतरले.
तळाशी मातीत दोन खळगे, टाचांचे,
चाळीस वर्षं बसून बसून झालेले.
माझ्या टाचा त्यात सैल पडल्या.

पहिल्या घोंगड्याची कड कॅनॉलसारखी वाकडी गेली.
धुळाप्पानं ते उलटंपालटं केलं,
खांद्यावर टाकलं, म्हणाला,
"मेंढराला कुठं दिसतंय?"
औंदा त्यानं तीन पोती लोकर
उकिरड्यावर ओतली.
कातरणारा मेंढरामागं पैसं मागतो
आणि लोकर कुणी फुकट नेत न्हाई.
एक पिशवी तेवढी माझ्यासाठी ठेवलेली :
कोकरांचं जावळ, काळंभोर,
हातात घेतलं तर अजून गवताचा वास.

मग कोल्हापुरातून टेम्पो आला.
दोघं सायेब, एक पोरगी, टेप.
संग्रहालय करतायत. माग काचेत ठेवणार,
खाली मामंजींचं नाव, फोटो असला तर फोटो.
तुरई मोजली, फणी मोजली,
धोटा पोरीनं दोन्ही हातांत धरला, पाखरू धरावं तसा.
चहा झाला.
मी विचारलं, "आणि खड्डा कसा नेणार?"
थोरले सायेब हसले.
"तिथं सिमेंटचा करू की. हा बुजवून टाका."
पोरगी हसली नाही.
तिनं वाकून आत बघितलं, बराच वेळ.

मालक सेकंड शिफ्ट करून कागलहून आले, जेवले.
"देऊया," म्हणाले. "पडवीत गाडी तरी लागंल."
वाईट मनानं नाही म्हणाले.
त्यांनीही लहानपणी ह्याच पडवीत
बापाच्या धोट्याच्या ठेक्यावर पाढे पाठ केलेत,
अजून तेरा सत्ते म्हणताना पाय हलतो त्यांचा.
अनुजानं मोबाईलवर हिशेब घातला :
लोकर वजा, चिंचोके वजा, सहा दिवसांनी भाग.
दिवसाला अठ्ठ्याण्णव रुपये.
आकडा थोडा वेळ तसाच उजळत राहिला
मग तिनं पुसला.

टेम्पोवाल्यांना मी अजून फोन केलेला नाही.
नंबर फडताळाला चिकटवलाय, खळीनंच.

आज जावळाचा ताणा चढवला.
अनुजा काठावर बसून पाय हलवत होती,
तळाला पोचत नव्हते.
"आई, मी उतरतो आत."
आमच्याकडं पोरी असंच बोलतात, जातो, येतो, करतो.
पुण्याचे पाहुणे हसतात.
मी सरकून जागा केली.
म्हटलं,
आधी पाय धुऊन ये.