अस्तर

पाळीचा दुसरा दिवस, म्हणजे लातूरची पहिली एसटी.
रेणापूरपासून खड्डे पाठ, तिकीट पाठ.
ही पाचवी सायकल.
"मला तर चालवताच येत नाही," म्हटलं एकदा.
डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

पाच दिवस गोळ्या, मग दिवसाआड सुई.
घरी फ्रिज नाही.
सुया राहतात मुनीरभाईच्या दुकानात,
लिंबूसोड्याच्या बाटल्यांमागं, स्टीलच्या डब्यात.
लाईट गेली की त्याचा फोन येतो,
"ताई, वरून बर्फ टाकलाय."
कशाच्या, हे त्यानं कधी विचारलं नाही.
गावात तेवढा एकच.

टोचतो व्यंकट. वांग्यावर हात बसवला त्यानं.
डोळे तोच मिटतो.

नवव्या दिवशी राखाडी पडद्यावर काळे ठिपके:
उजवीकडं बारा, डावीकडं दहा.
अकराव्याला चौदा. अठरा पाहिजे.
मी टेप गळ्यात घालून जगणारी, इंचातली बाई.
मिलिमीटर मला इथंच कळला.
सुईच्या नेढ्याएवढा असतो.

मागच्या खेपेला सात अंडी फुगली एकदम.
पोट असं तटतटलं
की सासूनं शेजारणीला डोळ्यानं खुणावलं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धोका आहे, हा महिना सोडा.
सोडला.
पण दोन दिवस ते खोटं पोट
पदराखाली घेऊन मी गिरणीत जाऊन आले,
जायचं काही काम नव्हतं.

आज म्हणाल्या,
"अंडं छान वाढलंय. अस्तर पातळ आहे."

अस्तर.
बारा वर्षं लावतेय मी लोकांच्या ब्लाऊजांना.
आधी भिजवून, आटवून घ्यायचं,
नाहीतर पहिल्याच धुण्यात आतून आखडतं.
वरचं कापड पैठणीचं असलं तरी
शिवण धरायची कुणी?
विचारलं, "बाई, दुहेरी नाही का लावता येत?"
ह्या वेळी हसल्या त्या.
मला कुठं हसवायचं होतं.

परत आले तर ओट्यावर सोनटक्क्यांची सून,
सातवा लागलेला, हातात हिरवा खण.
"अंगात बसतं शिव, पण माया सोड जरा.
पुढं उसवावं लागंल."
दीड इंच सोडली.
मग आणखी अर्धा.

मशीन थांबवून घड्याळ बघितलं.
नऊला सात कमी.
मुनीरभाईनं शटर अर्ध्यावर ओढून ठेवलंय,
खालून फ्रिजचा उजेड रस्त्यावर आलाय.
वाकून आत जावं लागंल.