नाव

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, जाळ्यांच्या जुन्या गोदामावर
आमचं ऑफिस : तीन टेबलं, एक हीटर,
आणि खिडकीतून दिसणारी ती नाव
जिच्या पुढच्या दाराचा कोड आम्ही लिहितो.
लिहायचो, म्हणू.
गेल्या हिवाळ्यापासून यंत्र लिहायचं,
आम्ही हो म्हणायचो.

लिहायचं मात्र झकास.
मी अर्धं वाक्य टाकावं, त्यानं चारशे ओळी काढाव्यात,
वर अदबीनं विचारावं : आणखी काही?
टेस्ट सगळ्या हिरव्यागार,
मेंढ्या सोडाव्यात असं कुरण.
मी चरत गेले.

त्या मंगळवारी समुद्र फारसा उसळलेला नव्हता.
नावेवर दोन मोटारी, टपालाची व्हॅन,
सिग्रिदची एकोणीस मेंढरं.
निम्म्या वाटेत पाणी आत आलं, घोट्याइतकं.
दार बोटभर उघडं होतं.
पडद्यावर : बंद.
स्वाइनुरनं नाव माघारी वळवली
आणि पचपचत्या बुटांनिशी
आमचा जिना चढला.

"कोणी लिहिलं हे?"
यंत्रानं, हानुस म्हणाला.
"बरं. वाचलं कोणी?"

हीटर टकटकत राहिला.

ओळ मार्जुनला सापडली. तीनशे सातवी.
मिठानं खाल्लेला सेन्सर उत्तर देईना,
तर कोडानं दोन सेकंद वाट पाहिली
आणि गप्प म्हणजे बंद, असं धरून चालला.
जी टेस्ट यावर ओरडली असती
तिचंही तोंड यंत्रानंच मिटलेलं,
खाली रीतसर टीप देऊन.
टीप माझ्यापर्यंत आली होती. मी नव्हते तिच्यापर्यंत गेले.

मौन म्हणजे संमती :
हे ते सेन्सरकडून शिकलं,
की आमच्याकडून?

त्याला जाब विचारता येतो, नाही असं नाही.
ते लगेच माफी मागतं, तीन परिच्छेदांत, सुरेख,
आणि दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवत नाही.
त्याच्या उंबऱ्यावर
कोणाचे बूट वाळत घातलेले नसतात.

आता भिंतीला एक जाड वही टांगली आहे,
मार्जुननं मासळीच्या लिलावघरातून आणलेली.
रकाने अजून तिथलेच :
वजन. जात. कोणाच्या हातून.
वजन साठ ओळींवर जायचं नाही,
कॉफी निवायच्या आत वाचून होईल इतकंच.
टेस्ट आधी लिहायची, आपण,
आणि यंत्रानं तिला शिवायचं नाही.
शेवटच्या रकान्यात यंत्र चालत नाही.
"आम्ही" पण चालत नाही.

हानुस कुरकुरतो, हा गोगलगाईचा कारभार,
कोपनहेगनवाले दिवसाला दहा बदल सोडतात.
सोडोत.
त्यांना खिडकीतून दार दिसत नसेल.

परवा रात्री साडेअकराला एकतीस ओळी समोर होत्या.
दोनदा वाचल्या, तिसऱ्यांदा मोठ्यानं.
सत्ताविसावी कळेना.
यंत्रानं समजावली. पुन्हा समजावली, उदाहरण देऊन.
समजावणं कळलं, ओळ कळली नाही.
सगळंच खोडलं, घरी गेले, झोपले.
सकाळी त्याच्याशी भांडत, तुकड्यातुकड्यानं
नऊ ओळी झाल्या.
ओबडधोबड. पण कोणी झोपेतून उठवून विचारलं
तर सांगता येतील अशा.

मग खाली धक्क्यावर.
स्वाइनुरनं दार लावलं,
मी सेन्सरची वायर उपटली.
पडदा क्षणभर काळा,
मग त्यावर दोन शब्द : माहीत नाही.
आणि नाव जागची हलेना.

स्वाइनुर त्या शब्दांकडे बराच वेळ बघत होता.
"हे बरंय," म्हणाला. "असं आधी कोणी सांगितलं नव्हतं."

वर आले. वही उघडली.
वजन : नऊ.
जात : दार.
कोणाच्या हातून, इथे पेन थोडं अडलं.
तूरिद, लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

एक नाव कागदावर ओलं होतं अजून,
दुसरी खाली
दोरांना ताण देत उभी.