तपकिरी

मे महिना. धंतोलीतल्या लॅबचा कूलर
खसचा वास आणि कोमट वारा दोन्ही फेकतोय.
मी कुकर लावलाय, घरच्यासारखाच, पाच लिटरचा;
आत सायट्रेटचं पाणी
आणि रॅकमध्ये उभ्या सोळा स्लाइड.
फॉर्मॅलिननं मिटवलेली तोंडं उघडायला
एवढी वाफ लागतेच.

सात नंबर: कौतिका बारापात्रे, वय एकसष्ट, पाचपावली.
अकरा वर्षांपूर्वी थांबलेलं
चैत्रात परत अंगावरून जायला लागलं.
"देवानं जवानी वापस धाडली का वं?"
असं ओपीडीत नर्सला म्हणाली म्हणे, हसून.

तिचा नवरा मिलमध्ये होता.
मिल बंद पडली तरी कितीक वर्षं
पहाटे उठून डबा शोधायचा,
भोंगा झाला म्हणायचा.
शरीराचंही तसंच काहीतरी.
अंडाशयांनी कुलूप लावलं,
पण पोटावरच्या, मांड्यांवरच्या चरबीत
एक चोरटा कारखाना चालूच राहतो,
इस्ट्रोजेन गाळत, थेंब थेंब.
वर रक्तात साचलेलं इन्सुलिन
(साखरेची गोळी आठवड्यातून चारदा विसरलेली)
आणि त्याचा चुलतभाऊ, वाढीचा तो घटक,
ज्याचं लांबलचक नाव आम्ही तीन अक्षरांत उरकतो.
सगळ्यांचं एकच: विण. आणखी विण.
गर्भाशयाचं अस्तर बिचारं विणत जातं,
काठ नाही, पदर नाही,
कापडावर कापड, गाठीवर गाठ.
"पुरे, आता काप" म्हणणारं प्रोजेस्टेरॉन
कधीचंच घरी बसलंय.

पुस्तकात रिसेप्टरला 'ग्राही' लिहिलंय.
पहिल्या वर्षी मी ते मोठ्यानं 'ग्राहक' वाचलं,
तोतडे सर चष्मा काढून हसले.
मला अजूनही ते फार चुकलं असं वाटत नाही.
दारात गिऱ्हाईक उभं असल्याशिवाय
कोण रात्रपाळी करतं?

रंगाचे थेंब टाकले. पाच मिनिटं. मग नळाखाली.
जिथे ग्राही, तिथे पेशीचं केंद्रक तपकिरी,
आपल्या जिन्याच्या कोपऱ्यातल्या
खर्र्याच्या डागासारखं.
नसेल तिथे निळं.
सात नंबर लेन्सखाली सरकवली
आणि सगळी चकती तपकिरी झाली.

तेवढ्यात तीच खिडकीशी.
"आला का वं रिपोर्ट?"
सरांच्या सहीशिवाय देता येत नाही.
म्हटलं, उद्या.
तिला ऐकू गेलं नाही. तीस वर्षं पॉवरलूमवर,
डावा कान गेलेला, उजवा अर्धा.
"जोरानं बोल ना माय."

काय ओरडू?
की बाई, तुमच्या पेशींना अजून ऐकू येतं?
शंभरातल्या ऐंशींना इस्ट्रोजेनचं,
आणि सत्तरांना त्या दुसऱ्याचंही,
ज्याचं काम पुरे म्हणणं;
की ऐकू येणाऱ्याला समजावता येतं, गोळ्यांनीसुद्धा,
बहुतेकदा?
बहिऱ्या पेशींच्या स्लाइडही येतात,
निळ्या, स्वच्छ, दिसायला फार सुंदर.
त्या दिवशी माझा डबा तसाच घरी जातो.
खिडकीतून ओरडण्यासारखं यातलं काहीच नव्हतं.
मी बोटांनी दाखवलं: उद्या. अकरा.

तिनं मान हलवली, पदर सावरला.
काठ करवतीचा, हातमागावरचा,
एका जागी दोन दात एकमेकांत घुसलेले.
मी बघतेय हे तिनं बघितलं.
"माह्याच हातचा हाय. पयला.
माय वरडली होती, थांब म्हून.
तवा आयकू येत होतं मले.
तरी नाई थांबली."

आत आले तर नऊ नंबरची स्लाइड
वाळून कोरडी ठक्क.
ती पुन्हा कापावी लागली.