कुणापर्यंत पोचायचंय

रुवीत, बसअड्ड्याच्या मागच्या गल्लीत,
ज्यूसवाला सजी आणि मोबाईलवाला पठाण यांच्यामधे
जेवढी जागा उरली तेवढं माझं दुकान.
दोन मशिनं, एक कापायचं टेबल,
आणि शफीकुल, जो इस्त्री फिरवताना
बोलत नाही, फक्त हुंकारतो.

गिऱ्हाईक रोडावलं तेव्हा सजीचा अखिल म्हणाला,
चाचा, बोर्ड वाचतं कोण आता?
लोक मान खाली घालून चालतात.
तुम्ही त्या मानेखाली जायला हवं.

मला पटलं. जन्मभर मानेखालचंच काम केलंय :
दिशदाशाच्या गळ्याशी फुराखा लावायचा,
तो बोटभर गोंडा, ज्याला ओमानी माणूस
सकाळी अत्तर लावून बाहेर पडतो.

पहिल्या रीलमधे माझी कात्री.
एकेचाळीस जणांनी पाहिली, त्यात सजी दोनदा.
दुसऱ्यात पठाणाची मांजर,
पांढऱ्या कापडाच्या ठाणावर झोपलेली.
अकरा हजार!
ब्राझीलहून कुणी बदाम पाठवले.
त्या अकरा हजारांत एकाचीही पँट
आखूड करायची नव्हती.

मग पाच रियाल भरले, जाहिरातीचे.
फोनने विचारलं, कुणापर्यंत पोचायचंय?
वय सांगा. शहर सांगा. आवड सांगा.
आवडींच्या यादीत फुटबॉल होता, प्रवास होता,
अत्तरसुद्धा होतं.
बाही अर्धा इंच लांब वाटते म्हणून
लग्नात हात मागे धरून उभा राहणारा माणूस
त्या यादीत कुठे बसतो, ते कळेना.
मी लिहिलं : रुवी, मुत्रा, अल खुवैर.

अखिल दाराच्या कोपऱ्यात चढून उभा राहिला.
फोनात दुकान एवढं रुंद झालं
की मीच विचारलं, हे कुणाचं?
चाचा, टेबलाखालची वळकटी आत ढकला, म्हणाला.
ढकलली.
एक कोपरा राहिला.

रात्री केळशीहून हलीमाचा फोन.
सुमैयाने तिला माझं पान लावून दिलं होतं.
दुकान कसं वाटलं, मी विचारलं.
ती म्हणाली, टेबलाखाली निळं काय आहे?
कापड आहे.
कापडावर माझ्या हातची फुलं कशी?

एकोणीस वर्षं मी सांगत आलो होतो,
कंपनीची खोली आहे, चौघांत एसी,
खिडकीतून डोंगर दिसतो.
डोंगर तेवढा खरा होता,
शटर वर केलं की दिसतो.

ती बराच वेळ बोलली नाही.
माझं बॅलन्स संपलं असं वाटून मी फोन कानावेगळा केला,
तेव्हा आतून आवाज आला :
उठताना मशिनीला डोकं लागत नाही ना?

पाच रियालांत तीन हजार दोनशे जणांपर्यंत पोचलो,
असा हिशेब आला. दुकानात आले चौघे.
एकाची चेन, दोघांचे युनिफॉर्म,
आणि एक म्हातारे आजोबा, नातवाचा फोन पुढे धरून.
फुराखा त्यांनी बोटांत घेतला, हुंगला, हसले,
अजून कोरडा आहे म्हणाले.

पुढच्या खेपेला अखिल ओरडला,
चाचा, वळकटी दिसतेय!
मी उशी जराशी बाहेर ओढली,
फुलं वर येतील अशी.

खाली कुणीतरी सोहारहून लिहिलंय,
या अभ्र्याची किंमत काय?
अखिल म्हणतो, तासाभरात उत्तर नाही दिलं
तर गिऱ्हाईक जातं.
मी हलीमाला विचारलं.
ती म्हणाली,
अभ्रा शेवटचा धुतलात कधी,
ते आधी सांगा.