पोत्याला दोनशे मिली

काकवीसारखं दिसतं ते.
अंबडच्या प्लांटवर निळ्या पिंपात असतं,
नळ सोडला की तार धरून खाली येतं,
वास थोडा मळीचा, थोडा ओल्या भुश्श्याचा.
काम एकच : थांब म्हणायचं.

कारण सिमेंटला पाणी लागलं
की ते कुणाचं ऐकत नाही,
आणि द्वारकेच्या चौकात अडकलेला ट्रॅफिकही
कुणाचं ऐकत नाही.
या दोघांच्या मध्ये मी,
हातात प्लास्टिकचा मापाचा मग.

भिंतीवर कागद होता, माझ्याच अक्षरातला :
पोत्याला दोनशे मिली.
मे महिन्यातला.
तेव्हा ड्रमवर पाणी मारलं की वाफ निघायची,
नसीर केबिनमधून डोकं काढून ओरडायचा,
मॅडम, माल आतच दगड होईल बघा!
कागद पिवळा पडला.
आकडा तसाच राहिला.
निफाडकडून गारठा आला,
मी स्वेटर घातला,
आणि मगात दोनशे मोजत राहिले.

मखमलाबादला कोठावदे शेठचा तिसरा स्लॅब.
रात्री नऊला शेवटची गाडी रिकामी झाली.
सकाळी सातला लहानू बेंडकुळेचा फोन.
मुकादमाने शिवी दिली नाही,
तिथेच माझ्या पोटात गोळा आला.
ताई, म्हणाला, स्लॅब अजून जागाच आहे.

जागाच होता.
बोट टेकवलं तर नखापर्यंत आत.
पाचशे स्क्वेअर फूट राखाडी शिरा,
वर कुत्र्याची चार पावलं, पळून गेल्यासारखी.
शेठ म्हणाले, काढून टाका सगळं, आत्ताच्या आत्ता.
पोरांनी फावडी उचललीसुद्धा.
मी कागदाच्या पाठीवर हिशोब मांडला,
अंश, मिली, तास,
आणि माझ्या तोंडून निघालं :
थांबा.
पिंपातलं औषध माझ्याच घशातून बोललं.

शेठ गाडीत जाऊन बसले, काच वर करून.
लहानूने ताडपत्र्या आणल्या, गोणपाट आणलं,
कडा विटांनी दाबल्या,
खालची एकही बल्ली हलवायची नाही असं बजावलं,
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
गोड खाल्लेलं पोर लवकर झोपत नाही.
माझ्या बापाच्या मिक्सरमध्ये एकदा
चहाच्या साखरेची पिशवी पडली होती.
दोन दिवस बाप काठावर बसून.
मग?
मग काय. ती टाकी अजून पाणी धरते, दिंडोरीला.

दुसरी रात्र.
वॉचमनची शेकोटी, तिचा धूर सगळा माझ्याकडेच.
दर तासाला ताडपत्रीचा कोपरा उचलायचा,
अंगठा दाबायचा,
शेजारी खिळ्याने वेळ कोरायची.
दहा : अख्खं पेर.
बारा : अर्धं.
दोन : नखाएवढं.
तीन वाजता नुसत्या रेषा उमटल्या,
आधार कार्डाच्या मशीनवर उमटतात तशा.
चारला अंगठा दुखला.

एकतिसावा तास.
लहानूला हाक मारायला वळले,
तो विटांच्या थप्पीला टेकून झोपला होता, तोंड उघडं.
उठवलं नाही.
त्याचीच शाल त्याच्या गुडघ्यांवर ओढली
आणि गारठलेल्या त्या दगडावर तळहात ठेवून बसले.
आतून किंचित ऊब येत होती.
खरंच येत होती. पुस्तकात लिहिलेली असते ती.

अठ्ठावीस दिवसांनी क्यूब फोडले.
पंचवीस हवे होते, तेहतीस भरले.
शेठ फोनवर खूश :
पुढच्या स्लॅबलाही तेच औषध जास्त घाला.
मी म्हटलं, नाही.
भिंतीवर आता दोन कागद आहेत,
एक उन्हाळ्याचा, एक थंडीचा,
आणि मधे एक कोरा, फेब्रुवारीसाठी,
त्यावर काय लिहावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या घरात फरशी बसली.
पश्चिमेच्या कोपऱ्यात, जिथे कुणीतरी फ्रिज ठेवेल,
त्याच्या खाली माझे अंगठे आहेत ओळीने,
खोल, उथळ, उथळ,
आणि चारचा,
जो उमटलाच नाही.