जराशी उशिरा

त्या संध्याकाळी वीज आली ती अंगावर धावून आली.
पोरं नेहमीसारखी ओरडली, "आली! आली!"
आणि ओरड तोंडात असतानाच
आमच्या न्गाबातले बल्ब एकामागून एक फुटले,
थेरेझबाईंचा फ्रीझर मासळीसकट गप्प झाला,
न्हाव्याचं मशीन
गिऱ्हाइकाच्या अर्ध्या डोक्यावर थांबलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टपरीसमोर रांग.
टीव्ही, रेडिओ, पंखे, एक इस्त्री,
तापलेल्या पोरासारखी छातीशी धरलेली.
सगळ्यांच्या मागे न्सिम्बा,
हातात रुमालाची पुरचुंडी.
त्याची पाळी आली तेव्हा दुपार कलली होती.
पुरचुंडीत पेडल. गिटारच्या आवाजाला
मागून प्रतिध्वनी जोडणारं, निळ्या पत्र्याचं,
बुटाच्या टाचेनं रंग खरवडलेलं.
खुंटीशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका:
इथेच ठेवायची, इकडे नाही, तिकडे नाही.

"रविवारी चर्चमध्ये वाजवायचंय," तो म्हणाला.
"आणि शनिवारी बारमध्ये," मी म्हणाले.
तो हसला नाही.

चार स्क्रू काढले. वास आधी बाहेर आला,
जळका, गोडसर,
माझ्या वडिलांच्या शर्टाला यायचा तसा.
अ‍ॅडॉप्टरचा तर कोळसाच.
आत दारातच एक डायोड मरून पडला होता,
काचेचा, तांदळाच्या दाण्याएवढा.
सगळा लोंढा त्यानं स्वतःतून वळवून नेला,
आतल्या चिपला झळ लागू दिली नाही.
मल्टिमीटरची टोकं लावली तर पींऽऽ करून ओरडला,
मेल्यावरही दार अडवून बसलेला.
अशी चिप आता कुठे मिळत नाही.
ती शाबूत आहे हे कळलं
तेव्हा मी अर्धी बाटली पाणी प्यायले.

फुगलेला कपॅसिटर काढला, डायोड बदलला,
तांब्याची जळालेली वाट
तारेच्या एका केसानं सांधली.
सगळं नीट चाललं होतं. आणि मग
बाहेरून मोटारसायकल गेली, किंवा गेलीही नसेल,
माझा हात हलला, सोल्डरिंगचं टोक घसरलं,
आणि चिपशेजारचा एक पिटुकला कपॅसिटर
तडकला.
चांगला होता. विजेनं त्याला हात लावला नव्हता.
मी लावला.

डबे उपसले. नेमका तसा नव्हताच.
एका मेलेल्या रेडिओतून
त्यातल्या त्यात जवळचा काढून बसवला.
वर काही बोलले नाही.

न्सिम्बानं वायरी जोडल्या, खुंटी लाल ठिपक्यावर आणली,
एक छोटी ओळ वाजवली. थांबला.
ओळ परत आली, पण पूर्वीपेक्षा जराशी उशिरा,
दारात चपला शोधत राहिलेल्या माणसासारखी.
माझ्या पोटात गोळा.
त्यानं पुन्हा वाजवली. मान तिरकी केली.

म्हणाला, "न्झुझी असाच यायचा."

जुळा भाऊ. याच्या मागून तासाभरानं जन्मलेला,
शाळेला, तालमीला,
आईच्या मातीलासुद्धा उशिरा पोचलेला.
हा ओळ टाकायचा, तो उचलायचा.
मग एका अँप्लिफायरच्या पैशांवरून बिनसलं
आणि तो नदीपलीकडे ब्राझाव्हिलला गेला.
सात वर्षं झाली.
रात्री काठावर गेलं तर तिकडचे दिवे मोजता येतात.
तेव्हापासून त्याची बाजू हे पेडल सांभाळतं.
"पण फार वेळेवर यायचं," न्सिम्बा म्हणाला.
"म्हणून पटत नव्हतं."

मी सांगायला तोंड उघडलं.
तो पुढची ओळ वाजवत होता,
मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.
इस्त्रीवाली बाई इस्त्री खाली ठेवून ऐकत होती.

ठरल्यापेक्षा निम्मेच फ्रँक घेतले.
त्यानं विचारलं, का?
म्हटलं, सुटे नाहीत.